मूठभर चिन्नोर

ये व बाई, इकडे सरक, जवळ बस. तोंडानं सांगायची हिंमत होत नाही म्हणून लिहून राहिली, पण तू माझ्या बाजूले पाटावर बसली असंच समजून लिहिते. आधी थोडं रागावते. परवा सानगडीच्या लग्नात पंगत बसली होती, आणि तू साऱ्या बायांच्या देखत म्हणली, "माझ्या मायले वयनीनं मरेपर्यंत चिन्नोरचाच भात चारला. अशी सून कोणाच्या घरी आहे, दाखवा." बायांनी माझ्याकडे वळून पाहिलं. मी ताटातला भात कालवत राहिली. असं चारचौघांत कायले बोलत असते तू? तू माझी नणंद, दिघोरीचं हे घर तुझं माहेर, तुझा भाऊ गेल्यावर तर तुले माहेर म्हणून मी एकटीच उरली. म्हणूनच खरं सांगायले इतकी वर्षं भेली. हे वाचून तू या घरात पाय ठेवशील का नाही, ते मले माहीत नाही.

मी आसगावची. आमच्याकडे वर्षभर मुरलेला जुना तांदूळ खात. त्याले पाणी दुप्पट लागते, आदण चांगलं खदखदलं का तांदूळ वैरायचे, शीत बोटात दाबून पाहायचं, मग पेज गाळायची. हेच शिकून मी आली. लग्न धान निघाल्यावरचं. तुझ्या मायनं, सासूले मी मामी म्हणत होती, पहिल्याच दिवशी तांदूळ मोजून दिले आणि ओसरीत जाऊन बसली. तो त्याच महिन्यात मिलवरून आलेला नवा तांदूळ होता. नव्याले पाणी कमी लागते, आधीच त्याच्या पोटात ओल असते. मामीनं सांगतलं नाही. मी दुप्पट पाणी ठेवलं, आणि गंजात भाताचा पार गिचका झाला.

मामीनं गंज आंगणात नेऊन ठेवला आणि शेजारणींले हाक मारली. "या व, पाहा! सुनेनं लेई केली. कोणाले भिंतीवर कागद चिकटवायचे असतील तर घेऊन जा." तू तेव्हा शाळेत जात होती. तू खरंच एक मूठ घेतली आणि वहीले कव्हर चिकटवलं. पोरगीच होती, तुझ्यावर राग नाही. उरलेली लेई मले तीन दिवस खायले लावली. तिसऱ्या दिवशी आंबली होती.

मग घरात दोन गंज झाले. एका गंजात चिन्नोर, आपला वासाचा बारीक तांदूळ, तुझ्या बाबाले, तुझ्या भावाले, पाहुण्याले आणि तुले. दुसऱ्यात कनकी, मिलवर तुटून पडलेला चुरा, ती मले. चिन्नोर शिजला का वास गल्लीच्या टोकापर्यंत जाये. मोठं पोरगं पोटात होतं तेव्हा एक दिवस राहवलं नाही. म्हटलं, "मामी, एक घास द्या नं." मामीनं गंजावरचं झाकण उचललं, माझ्या नाकाखाली धरलं. आतून वाफेचं पाणी गळून राहिलं होतं.

"घे वास. सुनेच्या पोटाले वास पुरते."

मी वास घेतला. मग झाकण घासून ठेवलं.

आता माझं ऐक.

तुझा भाऊ गेला त्याच्या आधीच मामीची नजर गेली होती. मग कंबर गेली. कोठीची किल्ली माझ्या कमरेले आली. खाटेवरून ती एकच मागे, "चिन्नोर कर व." आणि मी करत होती. कसा, ते सांगते.

राशनचा जाडा तांदूळ कुकरात नाही, मुद्दाम उघड्या गंजात शिजवायची. एक मूठ चिन्नोर जुन्या धोतराच्या फडक्यात सैल बांधायची, शिजून फुगायले जागा ठेवून. ती पोटली त्याच गंजात सोडायची. भात होत आला का साऱ्या घरात चिन्नोरचा वास. मग पोटली काढून घ्यायची, जाडा भात मामीच्या ताटात वाढायचा. ती ताटावर वाकून वास घ्यायची, घास तोंडात घालून मग बराच वेळ चावत राहायची. दोन दात होते तिले. मी चुलीजवळ बसून पोटली सोडायची आणि ती मूठभर चिन्नोर मी खायची. भूक नसली तरी खायची.

एक दिवस नाही व बाई. दोन पावसाळे.

तू यायची त्या दिवशी पूर्ण गंज चिन्नोर. आठवते, एकदा तू तिले हातानं भरवून राहिली होती? तिनं एक घास चावला आणि थांबली. म्हणली, "आज कोणता सण आहे?"

तू हसली. "पाहा व वयनी, रोज चिन्नोर खाते आणि सण विचारते. म्हातारी झाली माझी माय."

मी भात वाढायचा सराटा हातात घेऊन उभी होती. मामीनं मान माझ्याकडे वळवली. डोळ्यात काही दिसत नव्हतं तिले, पण तोंड बरोबर माझ्याकडे होतं. मले वाटलं, आता सांगते. तिनं सांगतलं नाही. "भरव," एवढंच तुले म्हणली. तू त्याले माया समजली. मी समजली का तू संध्याकाळच्या एसटीनं जाशील, आणि त्यानंतर तिले जेवण माझ्याच हातून मागायचं आहे. भेत होती ती मले. एका काळी साऱ्या बायांपुढे माझी लेई करणारी मामी मले भेत होती, आणि खोटं कशाले बोलू, मले ते गोड लागलं. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा पोटली बांधली.

पुढं एका सकाळी मी फडकं धुऊन राहिली होती. ती खाटेवरून बोलली, "पोटली नको बांधू आता. वास पुरे झाला. तुले फडकं धुवावं लागते रोज."

कधीपासून माहीत होतं तिले? मी फडकं पिळून वाळत टाकलं.

त्या दिवशी चिन्नोर केला, गंजभर, वास जाऊ नये म्हणून दोनदाच धुतला. कोठीतली नव्या तांदळाची चुंगडी फोडली हे ध्यानात राहिलं नाही, पाणी जुन्याच्या अंदाजानं पडलं. भात मऊ झाला. मी भरवला. मामीनं दोन घास खाल्ले, जिभेनं टाळूले लावून पाहिले, आणि म्हणली, "पाणी जास्त झालं."

तिसऱ्या घासाले तोंड उघडलं नाही. चार दिवसांनी गेली. त्या चार दिवसांत मी तिची माफी मागितली का? नाही. तिनं माझी मागितली का? तिनं पण नाही. दहाव्याले तुझ्या हातचा चिन्नोर कावळ्यानं लगेच घेतला आणि तू रडत माझ्या गळ्यात पडली. तेव्हापासून तू माझं नाव काढत फिरून राहिली, आणि मी खाली मान घालून ऐकून राहिली. बाया समजतात, किती लाजाळू आहे.

आता तुले कळलं. लग्नात, बारशात माझी बढाई आणखी नको मारू. तुले सिव्या द्यायच्या असतील तर त्या लोकांत दे, माझी हरकत नाही.

पण माहेर तोडू नको व. औंदाचा चिन्नोर आला आहे, चुंगडीचं तोंड अजून शिवलेलंच आहे. तू आल्याशिवाय फोडत नाही. तुझ्या डोळ्यासमोर धुते, अर्धा तास भिजवते, तांदळाच्या वर बोटाचं एक पेरही पाणी नको, नवा आहे. फडकं नाही, पोटली नाही. तूच झाकण काढ, तूच वाढ, मले कनकी वाढली तरी चालेल. भांडायचं असेल तर जेवल्यावर भांडू. फोन करून विचारत बसू नको, पोराबाळांच्या हाती निरोप धाडू नको, तूच ये. लवकर ये, बाई.