रविवारी वॉर्डात येणारी माझी लेक

आमच्याकडे डॉक्टर व्हायला नीटचे मार्क लागतात. हॉस्पिटलात जाऊन म्हाताऱ्यांना पाणी पाजलं का, हे कोणी विचारत नाही. क्लासच्या सरांनी मला तोंडावर सांगितलं, "मॅडम, ही सेवाबिवा परदेशातल्या कॉलेजांना लागते. इथे झीरो व्हॅल्यू. तिला टेस्ट सोडवू द्या." मला पटलं. इतकी वर्षं नर्स आहे मी, पुण्याईवर ॲडमिशन मिळत नाही एवढं मलाही कळतं.

पण लेक दोनदा नीट देऊन थकली होती, आणि मीही. तिसऱ्यांदा बसायचं का, हा विषय घरात कोणी काढत नव्हतं. नांदेडकडचं आमचं गणगोत मात्र तिला आत्तापासूनच डॉक्टरीणबाई म्हणायचं. आमच्यातली पहिलीच ना! म्हटलं, रविवारी येऊ दे माझ्या वॉर्डात. डॉक्टरांना बघून पुन्हा उभारी धरेल.

पहिल्या ड्रेसिंगलाच पळेल असं वाटलं होतं, पण टिकली. सारसोळ्याची एक आजी होती, लकव्याने उजवी बाजू गेलेली. कोणाच्या हातचं खायची नाही. ही तिला टेकवून बसवायची आणि घोट घोट पेज भरवायची.

"तुजा हात हलका हाय गो पोरी," आजी म्हणायची. "डाक्टरीन हो."

मी पलीकडे सलाईन लावता लावता खूश व्हायचे.

आजी घरी गेली त्या संध्याकाळी आम्ही कोपरखैरण्याला परत निघालो. रिक्षात बसल्यावर माझे पाय ठणकायला लागले.

"मम्मी, मी तिसऱ्यांदा नाही बसणार," लेक म्हणाली. "फिजिओथेरपी करते. आहेत त्या मार्कांत मिळेल."

"का?"

"डॉक्टर आजीपाशी मिनिटभर थांबायचे. फिजिओवाल्या ताई बसायच्या, हात हलवून घ्यायच्या. मला तसं बसायचंय."

मला रागच आला. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय! मीच तर तिला नेलं होतं.

"पण आजी तुला डॉक्टरीण हो म्हणाली होती ना?"

"आजीला कुठे कळत होतं कोण डॉक्टर ते? तू पलीकडे गेलीस की तुझ्याकडे बोट दाखवून मला विचारायची, मोठी डाक्टरीन कवा येल?"

मला एकदम रडू आलं. रिक्षावाल्याने आरशातून बघितलं, मी पदर तोंडावर घेतला. नांदेडला उद्या फोन करून सांगू म्हटलं. आज फार दमले होते.