विहिणीच्या अंगणात कवठाचा सॉस

लोखंडी जाळी घेऊन एस.टी.त चढणाऱ्या बाईकडे लोक कसे बघतात, हे मला बार्शीच्या स्टँडवर कळलं. भूमच्या गाडीचा कंडक्टर तर तिकीट फाडायचंच विसरला.

"मावशी, हे खिडकीचे गज घेऊन कुठं निघालात?"

"भूमला. व्याह्यांकडे."

"त्यांच्या घराला खिडकी न्हाय का?"

सगळी गाडी हसली. मी जाळी मांडीवर घेऊन ताठ बसले. ती खिडकीची नव्हती, निखाऱ्यावर भाजायची होती. त्यावर मटण ठेवायचं आणि वरून आंबट-गोड-तिखट सॉस फासत भाजायचं, त्याला बार्बेक्यू म्हणतात. तो सॉस मी घरी करते, आणि फळांचाच करते. कधी अननसाचा, कधी आलूबुखारचा. आमच्या सोसायटीत माझ्या सॉसला तोड नाही. हे मीच सांगतेय, पण खरं आहे.

आता पुण्याहून जाळी वाहून नेण्याएवढं काय अडलं होतं? तर माझी जीभ. दीड वर्षापूर्वी लेकीच्या लग्नात भूमच्या व्याह्यांनी येसराची आमटी (भाजलेल्या धान्यांच्या आणि मसाल्यांच्या पिठाची आमटी) केली होती. पहिल्याच घासाला माझ्या डोळ्यांतून पाणी आलं आणि मी म्हणाले, "हिला आमटी म्हणायचं की शिक्षा?" शेजारी आहेराची नावं वाचायचा माईक होता. चालू होता. अख्ख्या मांडवानं ऐकलं. त्या दिवसापासून विहीणबाई माझ्याशी एक शब्द बोलल्या नव्हत्या. लेक-जावई नोकरीसाठी परगावी, दोघींचे निरोप लेक फोनवरून पोचवायची. परवा ती फोनवर रडलीच. "आई, मी तुम्हा दोघींचा टेलिफोन झालेय. एकदा जाऊन ये गं, मिटव."

म्हणून हा घाट. व्याही शाळेत मास्तर. मी फोन केला तर म्हणाले, "उद्या मुक्कामालाच या, परवा शाळेला सुट्टी आहे." सुट्टी कसली, हे विचारायचं मला सुचलं नाही. आमच्याकडे कॅलेंडर बघायचं काम यजमानांचं, आणि ते लेकाकडे गेले होते.

बार्शी सुटली तशी दोन्ही बाजूंना ज्वारीची काढणी दिसायला लागली. कडब्याच्या पेंढ्या उभ्या होत्या, मागं बालाघाटाचे बोडके डोंगर. माझ्या डोक्यात मात्र एकच प्रश्न, इथं सॉसला फळ कुठलं मिळणार?

भूमला उतरले तर आठवड्याचा बाजार भरलेला आणि जिकडे बघावं तिकडे कवठांचे ढीग. शेजारी रताळ्यांचे ढीग. डोळे उघडे असते तर मला तिथंच कळायला हवं होतं. मी आपली खूश! कवठ आंबट, गुळाशी त्याचं जमतं, आणखी काय पाहिजे? विकणाऱ्या म्हातारीनं एक कवठ जमिनीवर टाकून दाखवलं.

"उडालं तर कच्चं, बसलं तर पिकलं. उद्यासाठीच न्यायलात न्हवं?"

"हो, उद्यासाठीच," मी म्हणाले. हिला कसं कळलं, याचं कौतुकही केलं.

पुढं मटणाच्या दुकानात चिटपाखरू नव्हतं. दोन किलो मागितल्यावर दुकानदारानं मला आणि जाळीला आळीपाळीनं न्याहाळलं. "आज नेता?" एवढंच म्हणाला आणि तोलून दिलं.

विहीणबाई दारात उभ्या होत्या. चेहरा कोरा. "या," म्हणाल्या, संपलं. मी कवठांची पिशवी पुढं केली. त्यांनी आत डोकावलं आणि चेहरा एकदम उजळला.

"अगं बया! कवठं आणलीत? आमच्यात कवठाबिगर शिवरात्र न्हाय. ध्येनात ठिवलंत व्हय, ईनबाई (विहीणबाई)!"

शिवरात्र! उद्या महाशिवरात्र, अख्ख्या घराला उपास, आणि माझ्या पाठीमागच्या हातात दोन किलो बकरा.

"अन् त्या पिशवीत काय हाय?"

"कोळसा," मी म्हणाले. एवढं धडधडीत खोटं मी शाळेतसुद्धा बोलले नव्हते.

त्या पाणी आणायला आत गेल्या तशी मी पडवीतल्या बंद कूलरचं दार उघडलं आणि पिशवी आत कोंबली. दोन मिनिटांत त्यांचा कुत्रा मोत्या आला आणि कूलरपुढं बसला. हटेना. शेपूट हलवतोय, जीभ बाहेर. व्याही म्हणाले, "ह्याला आत्तापास्नंच उकडाय लागलं का?" मी हसले. दीड वर्षानं ही बाई माझ्याशी बोलली होती, आणि तिच्या कूलरात मी शिवरात्रीला बकरा ठेवला होता!

हातपाय धुऊन आले तर कूलर रिकामा. मोत्याही गायब. चहाचा कप हातात घेऊन मी पडवीभर नजर फिरवली. विहीणबाईंनी शांतपणे बशी पुढं सरकवली.

"ईनबाई, कोळसा शेजारच्या भाभींच्या फ्रिजात ठिवलाय, त्यास्नी उपास न्हाय. परवा पेटवू."

मला जमिनीत शिरावंसं वाटलं. त्या हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी पदर खोचला. त्या म्हणाल्या, "कवठाची चटणी आमी बी करतो. तुमच्या सॉसात निराळं काय?" मी कृती सांगितली. कांदा-लसूण त्यांनी जागच्या जागी बाद केला. मग गर चाळणीवर घासून बिया काढल्या, गूळ, जिरं, मीठ घालून चुलीवर आटवायला ठेवला. आता मिरची. काहीही झालं तरी तिखटाला नाव ठेवायचं नाही, असं मी ठरवूनच आले होते. उलट आपणही तिखट खातो हे दाखवून देऊ, म्हणून त्या सरपण आणायला गेल्या तेव्हा मी सहा मिरच्या वाटून घातल्या.

अंगणात तुराट्यांचा (तुरीच्या वाळक्या काड्यांचा) आणि गोवऱ्यांचा विस्तव केला, जाळी ठेवली. मटणाच्या जागी उकडलेल्या रताळ्याच्या जाड चकत्या. कवठाच्या करवंटीत सॉस घेऊन मी वरून फासत होते. गूळ चरचरला, कडा काळसर झाल्या, असा खमंग वास सुटला की मोत्या परत आला.

पहिला घास व्याह्यांनी घेतला. त्यांनी डोळे मिटले, उठले आणि रांजणाकडे पळाले. मग मी खाल्लं. आई गं! कानांतून वाफ निघाली. समोर विहीणबाई चावत होत्या, मीही चावत होते. दोघींच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी.

"तिखट झालंय का?" त्यांनी विचारलं.

"छे! बेताचं आहे."

रांजणापाशी व्याह्यांना ठसका लागलेला. "मिरची कुणी घातली?"

"मी," आम्ही दोघी एकदम म्हणालो.

मी जाळी धुवायला गेले होते तेवढ्यात त्यांनी आठ वाटून घातल्या होत्या. पाहुणीच्या सॉसाला घरात कुणी मिळमिळीत म्हणायला नको, म्हणून.

त्यांनी पदरानं नाक पुसलं. "लई तिखट झालंय वो," म्हणाल्या. मग विस्तवाकडे बघत हळूच, "त्या दिशी आमटी मला बी गिळवली न्हाय. आचाऱ्यानं दोनदा तिखट टाकलं. म्या नवऱ्या मुलाची आई, मांडवात सांगू कुणाला? तुमी बोललात, तवा वाटलं, खरं तेच बोलली बाई."

"मग दीड वर्ष अबोला कशाला धरलात?"

"माईकवर बोललात न्हवं!"

मी त्यांचा हात धरला. "चुकलं माझं. फार चुकलं." त्यांनी हात सोडवला नाही. मग गूळ आणला, सॉसात खडाभर नाही, मूठभर टाकला, आणि उरलेली रताळी आम्ही दोघींनीच संपवली. व्याही लांबूनच बघत होते.

तिसऱ्या दिवशी भाभींच्या फ्रिजातला कोळसा पेटला. भाभीही जेवायला होत्या. कांदा-लसूण भरपूर, मिरच्या मोजून तीन. दोघींनी एकमेकींसमोर घातल्या.

निघताना विहीणबाईंनी पेढ्यांचा पुडा आणि सॉसची बाटली दिली, जाळी मात्र ठेवून घेतली. "ऱ्हाऊ द्या हितंच. तेवढ्यासाठी तरी याल."

गाडीत बसते तोच लेकीचा फोन. "आई, बोलल्या का गं त्या?"

"त्यांनाच विचार. आणि आजपासून तुझं टेलिफोनचं काम बंद," मी म्हणाले आणि फोन ठेवला.

तोवर तिकीट फाडायला कंडक्टर आला. तोच. माझ्या रिकाम्या मांडीकडे बघून म्हणाला, "मावशी, बसली का खिडकी?"

"बसली," मी म्हणाले आणि त्याच्या हातावर पेढा ठेवला.