घाटातली टकटक

पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळतात हे कळल्यापासून मी घाटात इंजिनाला कान लावून बसतो. काल लेक नवी गाडी चालवत होती आणि चढाला टकटक ऐकू आली.

"ऐकलंस? इंजिन नॉक करतंय!"

"बाबा, हे इंजिन याच पेट्रोलसाठी बनवलंय. इथेनॉलमुळे पेट्रोल जास्त दाब सोसतं. म्हणून तर नॉक न होता गाडी जोरात चढते."

मागून बायको म्हणाली, "अहो, टकटक तुमच्या बोटांची आहे. डॅशबोर्ड सोडा बिचारा!"

मी हात मांडीखाली दाबला. गाडी खरंच मुकाट चढत होती. दाब सोसून शांत राहणारं इंधन माणसाला जमलं, तसा बाप काही जमलेला नाही.

उद्यापासून लेक नोकरीसाठी हा घाट एकटीच चढणार. तेव्हा गाडीत टकटक करायला कुणीच नसेल.