भोंगा वाजला की कप उचलायचा

मी ताडोबाला मंगळवारी गेलो. मंगळवारी ताडोबा बंद असतं.

साताऱ्याच्या शाळेत मी आयुष्यभर भूगोल शिकवला. आफ्रिकेतली वाळवंटं मला क्रमाने पाठ आहेत. जंगलालाही आठवड्याची सुट्टी असते, ही माहिती मात्र आमच्या पाठ्यपुस्तकात नव्हती. फाटकावरचा वनरक्षक मोठा समजूतदार निघाला.

"आज वाघाईले सुट्टी हाय, सर. उद्या या."

"उद्या आत जायला मिळेल?"

"बुकिंग फुल हाय जी."

"मग उद्या येऊन काय करू?"

त्याने थोडा विचार केला. "तेबी खरं हाय," म्हणाला आणि पुन्हा मोबाइलमध्ये शिरला.

अशा वेळी माणसाला ओळखी आठवतात. मागे एकदा रेल्वेत माझ्याशेजारी शेषराव नावाचे गृहस्थ बसले होते. उतरताना ते म्हणाले होते, "आमच्याकडं कधी आले तर घरी या." आमच्याकडे हे वाक्य निरोप घेण्यासाठी वापरतात. त्यांच्याकडे ते निमंत्रण असतं. मी फोन केला तेव्हा त्यांनी मी कोण हेही विचारलं नाही. "या न, सर! बस पकडा. स्टँडवर रशीदभाईचा ऑटो पाठवतो," म्हणाले. आपण लक्षात राहिलो याचा मला अभिमान वाटला. ते वाटेल त्याला असंच बोलावतात, हे नंतर कळलं.

गावाचं नाव लिहायला शेषरावांनी मला बंदी केली आहे. गावात अजून बरीच पोरं लग्नाची आहेत, म्हणतात; त्याचा इथे काय संबंध, ते पुढे येईलच. चंद्रपूर जिल्ह्याच्या कोळसापट्ट्यात, माजरीपासून फार लांब नाही, एवढं पुरे. हे पूर्वी गाव होतं, आता शहर आहे. नगरपरिषद झाल्यावर वेशीवर 'शहरात आपले स्वागत आहे' अशी कमान उभी राहिली आणि तिच्या सावलीत म्हशी बसू लागल्या. शहरापेक्षा उपनगर म्हणणं बरं, असं मला आपलं वाटलं. मात्र हे उपनगर नेमकं कोणत्या नगराचं, ते मला शेवटपर्यंत सापडलं नाही. चंद्रपूरवाले याला खेडं म्हणतात, खेड्यातले लोक याला चंद्रपूर म्हणतात.

रशीदभाई ऑटो चालवत होते आणि बोलत होते. दोन्हींपैकी लक्ष बोलण्याकडे जास्त होतं. त्यांच्या वडिलांचं वेल्डिंगचं दुकान अजून चौकात आहे.

"सर, इधर देखो. ही कॉलनी. इथी खाणीतले लोक राहतात. बिहारी, तेलुगू, छत्तीसगडी, सब. तिकडं गाव, जुने शेतकरी लोक. आन मध्ये हा बाजार, तो आमचा."

"मग कोण कुठला ते ओळखता कसं?"

"त्यात काय? कॉलनीवाला भाव विचारत नाई, गाववाला भाव विचारून घेत नाई."

शाळेत मी लोकसंख्येचं वर्गीकरण करायला अख्खा धडा घेत असे.

शेषरावांचं घर गावाच्या टोकाला. त्यांची शेती खाणीत गेली, तिच्या बदल्यात मुलाला, प्रफुल्लला, खाणीत नोकरी मिळाली. मंदाबाई, म्हणजे शेषरावांची पत्नी, यांनी मला बसायच्या आत चहा दिला आणि भाऊजी करून टाकलं. पलंग, टीव्ही, काचेचं शोकेस, भिंतीवर देवीचं मोठं कॅलेंडर. शेषराव मला पिकांची माहिती देत होते, मी चहा स्टुलावर ठेवून मान हलवत होतो. तेवढ्यात लांबून भोंगा वाजला.

मग जे झालं ते मी आजवर कुठल्याही देशाच्या वर्णनात वाचलेलं नाही. शेषरावांनी सोयाबीनवरचं वाक्य न तोडता कप उचलून हातात धरला. मंदाबाईंनी आतून येऊन शोकेसच्या काचेवर तळवा टेकवला आणि तशाच उभ्या राहून विचारलं, "भाऊजी, साखर बराबर हाय न?" प्रफुल्लने एका हातात कप घेतला आणि दुसऱ्या हाताने टीव्हीला आधार दिला. ही काहीतरी प्रार्थना असावी असं समजून मी आदराने हात जोडले.

आणि जमीन हलली. 'धडाम्' असा आवाज जमिनीच्या पोटातून आला, खिडक्या थरथरल्या आणि माझा चहा स्टुलावरून निघून माझ्या विजारीवर आला.

"बाप्पा!" मंदाबाई म्हणाल्या. "कप नाई उचलला तुमी? तुमच्याकडं होत नाई काय?"

खाणीतलं ब्लास्टिंग होतं. दुपारी दोनला भोंगा, मग दणका, रविवारी सुट्टी. गावातलं प्रत्येक माणूस त्या वेळी कप उचलतं. जेवत असेल तर ताट उचलतं. न्हावी वस्तरा उचलतो. कुणी कुणाला सांगत नाही, बोलणं थांबत नाही. नवीन सून आठवड्यात शिकते म्हणे. मला दोन दिवस पुरले नाहीत.

रात्री वडाभात झाला. भातावर डाळींचे वडे कुस्करायचे, त्यावर लसूण-मिरचीची तेलातली फोडणी ओतायची आणि वर सांबार (कोथिंबीर) भुरभुरायची. तिसऱ्यांदा घेताना मी "थोडासाच" म्हणालो. मंदाबाईंनी पहिल्या दोन्ही वेळचा तोच शब्द लक्षात ठेवून वाढलं.

सकाळी उठून मी गावाबाहेरच्या डोंगराकडे गेलो. माथा सपाट, अंगावर पायऱ्यांसारखे टप्पे, अगदी आमच्या सह्याद्रीतल्यासारखे. निम्मा चढलो, फोटो काढला आणि 'लाव्हारसाचे थर, कोट्यवधी वर्षांची निर्मिती' असं लिहून घरच्या ग्रुपवर टाकला. तेवढ्यात एका रखवालदाराने शिट्टी मारून मला खाली बोलावलं. परत आल्यावर मी शेषरावांना डोंगराचं नाव विचारलं.

"कोणता डोंगर?"

मी दाखवला.

"तो? ती खाणीतली माती हाय, सर. कोळसा काढाले वरची माती काढून टाकतात न, ते. मी शाळेत जात होतो तवा तिथी आमचा कापूस होता."

कोट्यवधी वर्षांची निर्मिती शेषरावांपेक्षा लहान निघाली. बरं, पलीकडचा निळाशार तलाव? ती जुनी खाण, पाणी भरलेली. म्हणजे या गावात डोंगर नवा, तलाव नवा. जुनं काय, तर कॉलनीच्या शाळेत टांगलेला नकाशा, ज्यात यातलं काहीच नाही. नैसर्गिक म्हणून दाखवायला म्हशी तेवढ्या उरल्या होत्या.

त्याच दुपारी, कप हातात धरून, शेषरावांनी खरी गोष्ट सांगितली. दुसऱ्या दिवशी प्रफुल्लसाठी कुरखेड्याहून पाहुणे घर पाहायला येणार होते. मुलगी शीतल, तिकडे नर्स होती, आणि तिचे वडील नामदेवभाऊ धानाची शेती करणारे. मुलाकडे जाऊन आधी घर बघायचं आणि मग बोलणी, अशी रीत. प्रफुल्लसाठी आधी दोन स्थळं आली होती. पहिल्या वेळी दोनचा दणका झाला, पाहुण्यांच्या हातातली बशी फुटली, ते उठून गेले. दुसऱ्या वेळी मुलीच्या मामाने कॅलेंडरमागची भिंतीतली भेग पाहिली. तेही गेले.

"पोरगं तिशी पार करून राह्यलं," शेषराव म्हणाले. "आता तिसऱ्यांदा मोडलं तर तो म्हणते, मी लग्नच करत नाई."

"सांगून टाका न खरं," मंदाबाई आतून म्हणाल्या. "पोरगी राहाले येईन तवा घर हालणं बंद होणार हाय काय?"

"आधी ठरू दे, मग सांगू."

ठरलं असं की पाहुण्यांनी जेवावं, चहा घ्यावा, आणि दोनच्या आत मी त्यांना तलाव दाखवायला घेऊन जावं. तलाव लांब आहे, तिथे दणका तेवढा जाणवत नाही. साताऱ्याचे शिक्षक माहिती सांगतायत म्हटल्यावर कोणी नाही म्हणणार नाही. मला एवढं एकच काम होतं.

पाहुणे आले. नामदेवभाऊ उंच, खांद्यावर दुपट्टा, बोलणं थोडं. शीतल पिवळ्या साडीत, नजर सरळ. जेवणं झाली. पातोडीचा रस्सा (बेसनाच्या वड्या घालून केलेला) नामदेवभाऊंनी दोनदा मागून घेतला, म्हणजे वारं बरं होतं. मग मंदाबाईंनी ठेवणीतल्या कपबशा काढल्या, चहा आला, आणि नामदेवभाऊंनी मला विचारलं, "सर, तुमी भूगोलाचे. हे गाव कसं वाटलं तुमाले?"

हा प्रश्न मला कुणी विचारायला नको होता.

मी थोडक्यात सांगायला लागलो. आधी वर्धा नदीचं खोरं घेतलं. मग खडक. कोळसा कसा तयार होतो, हे हातवारे करून सांगितलं. कॉलनी, गाव आणि बाजार अशी लोकवस्तीची विभागणी सांगितली आणि रशीदभाईंचं वाक्य माझं म्हणून वापरलं. नामदेवभाऊ मान डोलावत होते. निवृत्त झाल्यापासून माझ्यासमोर कुणी अशी मान डोलावली नव्हती. शेषराव दोनदा खाकरले. मंदाबाईंनी बांगड्या वाजवल्या.

"सर, तलाव…" शेषराव म्हणाले.

"तलावाकडेच येतोय," मी म्हणालो आणि तलाव कसा तयार झाला ते सांगायला घेतलं.

भोंगा वाजला.

शेषरावांचा हात त्यांच्या नकळत कपाकडे गेला. मंदाबाईंचा तळवा शोकेसवर. मी मात्र या वेळी शिकलेला होतो, माझा कप मी झटकन उचलला. पाहुणे या कवायतीकडे बघत राहिले. मग दणका झाला. छतावरचा चुना उरलेल्या शिऱ्यावर साखरेसारखा पडला, देवीचं कॅलेंडर झोका घेऊन बाजूला झालं आणि मागची भेग सर्वांना नीट दिसली.

एवढ्यावर भागलं असतं. पण परिस्थिती सावरणं माझं कर्तव्य आहे असं मला वाटलं. मी हसून, धीर देणाऱ्या आवाजात म्हणालो, "काही नाही, काही नाही, भूकंप आहे."

नामदेवभाऊ ताडकन उभे राहिले. "भूकंप? शेषरावभाऊ, इथी भूकंप येते?"

मंदाबाईंनी काचेवरचा हात काढला.

"भूकंप नाई न काई नाई, भाऊ. खाणीतली ब्लास्टिंग हाय. रोज दोन वाजता होते. हे तुमाले कळू नये म्हणून या सराईसंगं तुमाले तलावावर धाडाचं ठरलं होतं. तर नेणारेच बसून राह्यले."

"म्हणजे लपवाचं होतं?"

"दोनदा मोडलं, भाऊ," शेषराव जमिनीकडे बघत म्हणाले. "तिसऱ्या खेपेले सांगाची हिंमत नाई झाली."

नामदेवभाऊंनी दुपट्टा झटकला. चुना उडाला. "चाल शीतल," ते म्हणाले.

शीतल उठली नाही. ती प्रफुल्लकडे बघत होती. आम्हीही बघितलं. त्याच्या नव्याकोऱ्या पँटवर चहा सांडला होता, आणि त्याच्या दोन्ही हातांत एक कप आणि एक बशी होती. तो कप त्याचा नव्हता. शीतलपुढचा काठोकाठ भरलेला कप त्याने भोंगा होताच उचलून धरला होता, आणि स्वतःचा तसाच मांडीजवळ सोडून दिला होता. तिच्या कपातला एक थेंबही सांडला नव्हता.

"तुमचा कप काऊन (का) नाई उचलला?" तिने विचारलं.

"तुमचा भरलेला होता," प्रफुल्ल म्हणाला. सबंध दिवसात तो बोललेला हा पहिलाच शब्द असावा.

तिने कपबशी त्याच्या हातातून घेतली आणि एक घोट घेतला. "बाबा, बसा न. चहा थंडा होऊन राह्यला."

"अवं, घर हालते हे!"

"मले दिसलं. लपवलं ते वाईट केलं. पण खरं सांगाले त्याची आई हाय न." मग ती मंदाबाईंकडे वळली. "आठवड्यातून एखादा दिवस सुट्टी देते काय हो ब्लास्टिंग?"

नामदेवभाऊ बसले, पण पाहुण्यासारखे नाही, व्याही असल्यासारखे. भेग बोटाने तपासली. खाणीकडे पाठ करून नवी खोली बांधायची, सिमेंटचे खांब घालून, आणि ती झाल्याशिवाय तारीख नाही, अशी अट घातली. शेषरावांनी लगेच होकार दिला. इतक्या लगेच की मंदाबाईंना त्यांना कोपराने थांबवावं लागलं. निघताना नामदेवभाऊंनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि शेषरावांना हळूच विचारलं, "हे भूकंपवाले तुमच्या नात्यातले हायेत काय?"

"नाई नाई," शेषराव म्हणाले. "रेल्वेत भेटले होते."

परतीच्या गाडीत मी खिडकीशी बसून विचार करत होतो. गावाचा भूगोल म्हणजे डोंगर आणि नद्या, लोकसंख्या म्हणजे आकडा, असं मी इतकी वर्षं मुलांना सांगितलं. इथे डोंगर माणसांनी रचलेला, तलाव माणसांनी खोदलेला, आणि बिहारी, तेलुगू, शेतकरी, वेल्डर असे एकमेकांशी काही संबंध नसलेले लोक दुपारी दोनला एकाच वेळी कप उचलणारे. एखाद्या ठिकाणचे रहिवासी कोण, हे ओळखायची इतकी सोपी खूण मला कुठल्या पुस्तकात सापडली नव्हती. विचार चांगला होता, मी तो भारदस्त शब्दांत लिहून काढणार होतो, तेवढ्यात फोन वाजला. मंदाबाई होत्या.

"भाऊजी, खोलीसाठी गवंडी ठरवला बरं का. लग्न कुरखेड्याले होईन, उन्हाळ्यात. तुमाले याचंच हाय."

"येणार, नक्की येणार," मी भारावून म्हणालो. "येताना काय आणू?"

"काई नोका आणू. तोंड तेवढं साताऱ्याले ठेवून या."