साळूबाईच्या गिरणीची वायर

खिंड ओलांडली तरी हरिबाचा वेग कमी होईना. खांद्यावर जाड वायरचं भेंडोळं, डावा पाय पलटणीत असतानाच मोडलेला. तरी त्याला गाठायला शकुंतलाबाईंना पदर खोचावा लागला होता. पाटणहून सुटणारी एस.टी. आज आलीच नव्हती. शाळेच्या कामाला गेलेल्या बाई आणि गावचा वायरमन, दोघंही पायीच निघाले होते.

"जरा दम खा की, हरिबा."

"मी खातो, बाई. ती वायर दम धरंल का?"

कुणाची मोटर बसवायची म्हटलं, की हरिबा चहाच्या आधी खांबापासूनचं अंतर पावलांनी मोजायचा. मोटर फिरायला लागली की पोराचा ताप बघावा तसा वायरला पालथा हात लावून बसायचा. आज मात्र त्याचं कशात चित्त नव्हतं. बाईंनी खोदून विचारलं तेव्हा बोलला.

त्याच्या बहिणीनं, साळूबाईनं, पिठाच्या गिरणीला मिरची कांडायचं यंत्र जोडलं होतं. मोटर तीच, वायर जुनी नि बारीक. दोन्ही लावलं की फ्यूज उडायचा. सकाळी दळणाच्या बायकांनी कालवा केला. "पलटणीत एवढंच शिकलास व्हय रं?" शेजारच्या लीलाबाईनं सगळ्यांदेखत टोमणा मारला. हरिबाला तो झोंबला. त्यानं फ्यूजमध्ये तार दुपदरी घातली, 'नुसतं पीठ दळ, कांडप लावू नगं' असं बहिणीला बजावलं आणि जाड वायर आणायला पाटण गाठलं. तेवढ्यात सगळ्या भागातली लाइट गेली, ती अजून आली नव्हती.

"मोटर उठताना लय वढते, बाई. फ्यूजनं तेवढं सोसावं, पन वायर तापायच्या आत तुटावं. आता त्यो तुटायचा न्हाई. जळंल ती वायर. आन् ती गेलीया पोत्यांच्या माळ्याखालनं."

"पण साळूबाईला सांगितलंयस ना?"

"दिसभर बायका खोळंबल्यात. ती कुनाकुनाला न्हाई म्हनंल?"

बाईंनी मनातल्या मनात मारुतीरायाला हात जोडले. तोच खाली गावात दिवे लागले. आधी गिरणीची घरघर आली, मग कांडपाचा दणदण आवाज.

हरिबा पळत सुटला आणि पाच-सहा ढांगांत पाय मुडपून खाली बसला. भेंडोळं उतारानं घरंगळत गेलं.

"बाई, तुमी पळा! दारातनं आत गेलं की डाव्या भितीला मेन स्विचची लोखंडी पेटी हाय, तिची दांडी खाली वढा. बायका वरडतील, साळू हात धरंल, आयकू नका. आदी वढा, मग सांगा तिला. म्हनावं, तार हरिबानंच घातलीया."