रिकाम्या हातानं वर या

नांदगावच्या आमच्या मळ्यातल्या विहिरीचा एक कायदा होता. बुडी मारली की तळाचा गाळ मुठीत घेऊनच वर यायचं. रिकाम्या हातानं आलेल्याला काका काठावरून विचारायचे, "काय बे, हवा खायले गेलता का खाली?" बाकीचे पाण्यावरचे बुडबुडे पाहत बसत. बुडबुडे येताहेत तोवर काळजी नाही. माझा मोठा भाऊ सगळ्यात उशिरा यायचा. आधी काळी मूठ, मग डोकं.

पुढे तो पाणबुड्या झाला. समुद्रतळाची पाहणी करणाऱ्या एका खासगी कंपनीत त्याला रिब्रीदर मिळाला. सोडलेला श्वास हे यंत्र चुन्याच्या दाण्यांतून गाळतं, थोडा ऑक्सिजन मिसळतं आणि पुन्हा छातीत देतं. बुडबुडे येतच नाहीत. सुट्टीत त्यानं हे कौतुकानं सांगितलं, तेव्हा वहिनी म्हणाली, "मंग वरच्यायले कसं समजते, तुमी जिते आहा म्हनून?" तो नुसता हसला.

गेल्या वर्षी त्याला त्या यंत्रासकट वर काढलं. कंपनीनं एका ओळीत कळवलं, उपकरण ठीक होतं, चूक पाणबुड्याची.

वडील बडनेऱ्याला रेल्वेत, युनियनचे कार्यकर्ते. आमच्या पोळ्यांच्या डब्यातसुद्धा जुनं पत्रक अंथरलेलं असे. मी अक्षरं त्यावरच शिकलो. म्हणून मी पत्रक लिहिलं. भावासोबत खाली असलेला सहकारी घरी येऊन सांगून गेला होता. चुन्याच्या डब्याची रबरी रिंग चिरली होती. भावानं नवी मागितली, मिळाली नाही. सोडलेला श्वास चुन्याला बगल देऊन तसाच परत छातीत जात होता. त्यानं आधी डोकं दुखतं, मग विचार गढूळ होतात. ज्या डोक्यानं धोका ओळखायचा तेच यंत्रानं निकामी करायचं, आणि वर त्याच डोक्याला दोषी धरायचं. मी सडकून लिहिलं.

वहिनीनं शेवटपर्यंत वाचलं. "भाऊजी, दुसरी टाकी होती ना, भरलेली?"

"होती."

"मंग ते काहून नाई लिवलं? त्यायचा सोबती काय सांगून गेला, मीबी आयकलं."

सहकाऱ्यानं खाली त्याला दुसऱ्या टाकीकडे, यंत्र बिघडलं तर श्वास घ्यायला दिलेल्या, खूण केली होती. भावानं एक बोट वर केलं होतं, थांब. तळाशी पडलेलं कंपनीचं मोजमापाचं यंत्र त्याला आणायचं होतं. त्याला वर काढलं तेव्हा ते त्याच्या मुठीत होतं. बोटं सोडवावी लागली.

"रिंग कंपनीची," वहिनी म्हणाली. "ते बोट तुमच्या विहिरीचं. दोनी लिवा."

वडिलांनी पत्रक हातात घेतलं. "पोरी, दुसरं लिवलं तर कंपनी तेवढंच उचलते."

"उचलू द्या, बाबा. मले ते पुरे पायजेत, अर्धे नाई."

पत्रक दोन्ही लिहून निघालं. कंपनीनं तेवढंच उचललं.

या उन्हाळ्यात वहिनी पहिल्यांदा विहिरीच्या काठावर येऊन बसली. चुलतभाऊ मूठभर गाळ घेऊन वर आला, तर ती म्हणाली, "फेक ते." त्यानं फेकलं. काका खाली मान घालून बसले. "रिकाम्या हातानं या रे," ती म्हणाली.

मग मी बुडी मारली. खाली अंधार, कानात दडे. तळ लागला आणि माझी मूठ आपोआप गाळात वळली. ती उघडायला मला जेवढा वेळ लागला, तेवढा वेळ वर वहिनी माझे बुडबुडे पाहत होती.