पाठकोरे कागद

उन्हाळ्यात लिहिणाऱ्याला निवांतपणा मिळतो, असं कुणी म्हणालं की आजही माझ्या कपाळाची शीर उठते. मिळत असेल. ज्याच्यासाठी दुसरं कुणी पापड लाटतं त्याला मिळत असेल.

स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली असतील. आम्ही अलिबागेत राहत होतो. शिमगा सरला की गावातली पुरुषमाणसं म्हणायची, आता सगळं थंडावलं. शाळांच्या परीक्षा उरकत, कोर्टाला सुट्टीचे वेध लागत, बाजारातले दुकानदार दुपारी फळ्या लावून आडवे होत. नेमक्या त्याच दिवसांत आम्ही बायका पहाटे उठून तांदळाच्या उकडीशी झुंजत असायचो. पापड, फेण्या, सांडगी मिरच्या, पांढऱ्या कांद्याच्या माळा, वालांना ऊन, आमसुलं, आणि सगळ्यात शेवटी वाळवलेल्या कोलंबीचे सोडे नि सुकट. पावसाचे चार महिने घर आगोटीच्या ह्या बेगमीवर चालायचं. पण ह्याला कुणी काम म्हणत नसे. ‘बायका उन्हाळ्याचं करतायत’ म्हणत, जशा काही आम्ही सागरगोटेच खेळत होतो.

मला त्यातलं एक काम मनापासून आवडायचं, ते म्हणजे राखण. अंगणात बाजेवर जुनं लुगडं पसरायचं, त्यावर पापड घालायचे आणि कावळे येऊ नयेत म्हणून काळी छत्री उघडून शेजारी बसायचं. सकाळी नऊपासून ऊन कलेपर्यंत. सासूबाईंना ते उन्हातलं बसणं नकोसं व्हायचं, म्हणून ते माझ्याकडे आलं. आणि मी त्या छत्रीखाली, मांडीवर पोळपाट पालथा टाकून, कथा लिहायची. एका हातात काठी, दुसऱ्या हातात माहेरून आणलेलं शाईचं पेन. एक कावळा, एक वाक्य.

कागद विकत आणायची चैन नव्हती. आमचे हे एका वकिलांकडे कारकून होते. दरवर्षी सुट्टीआधी वकील दप्तर झाडायचे आणि दाव्यांचे कच्चे मसुदे रद्दीत काढायचे. ते गठ्ठे हे घरी आणत. एका बाजूला वादी-प्रतिवादींची भांडणं, दुसरी बाजू कोरी. त्यांना आम्ही पाठकोरे म्हणायचो. घरात त्यांचा उपयोग अनेक तऱ्हांनी व्हायचा. सासूबाई पापडांच्या डब्यात थराथरांमध्ये ते घालायच्या, हे त्यांच्यावर वाणसामानाची यादी करायचे, आणि मी लिहायची.

त्या वर्षी मी नुसती हौस म्हणून लिहीत नव्हते. मुंबईच्या एका मासिकाने माझ्या पाच कथा परत पाठवल्या होत्या. सहावीही परत आली, पण तिच्याबरोबर संपादकांचं कार्ड होतं: दिवाळी अंकासाठी नवी कथा ज्येष्ठ संपायच्या आत पाठवा, जागा राखून ठेवतो. ते कार्ड मी देवघरामागे ठेवलं होतं आणि दिवसातून दोनदा वाचत होते. माझी आजवर एक ओळही छापून आली नव्हती.

कथा होती एका आईची. ती दर उन्हाळ्यात मुंबईच्या मुलासाठी पापड करते, सगळे अख्खे पापड डब्यात भरून त्याला पाठवते आणि स्वतः वर्षभर तुकडे खाते. बास, एवढीच. एका दुपारी सासूबाईंनी विचारलं, उन्हात बसून एवढं काय लिहितेस? मी दोन पानं वाचून दाखवली. त्यांच्या हातातली लाटी लाटायची राहिली.

आणि त्यातच भाऊजी आले. माझे थोरले दीर. मुंबईत नोकरी, दोन कथासंग्रह प्रसिद्ध, सभासंमेलनांत खुर्ची ठरलेली. दर चैत्रात ते महिनाभराची रजा काढून ‘लिहायला’ अलिबागेला यायचे, कारण निर्मितीला म्हणे शांतता लागते. ती शांतता आम्ही पुरवायची. समुद्राकडची खोली त्यांची. मिरच्या कुटायचं उखळ आम्ही उचलून गोठ्यामागे नेलं, कारण दणका त्यांच्या खोलीत ऐकू जायचा. शेजारणीला कोंबड्यांना हाका मारू नको म्हणून सांगितलं. बिचारी खुणा करून कोंबड्या गोळा करायची. दिवसाला सहा चहा. अकरा ते चार झोप. त्यांची खोली मी झाडत होते, त्यामुळे महिन्याभरात किती निर्मिती झाली ते मला नेमकं ठाऊक आहे. साडेतेरा ओळी, त्यातल्या चार खोडलेल्या.

मी लिहिते हे त्यांना माहीत होतं. एकदा अंगणातून जाताना त्यांनी छत्रीखाली डोकावून विचारलं होतं, “काय, धोब्याचा हिशोब का?” मी हो म्हटलं. त्या होकाराची मला अजून लाज वाटते.

वैशाखात एक दिवस त्यांना तार आली आणि दुसऱ्या दिवशीच्या लाँचने निघायचं ठरलं. मी सोडे आणायला कोळीवाड्यात गेले होते. परत येईपर्यंत सासूबाईंनी त्यांचा डबा भरूनही टाकला होता, आणि भाऊजी रेवस बंदराच्या एस. टी. ची वेळ विचारत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी ते गेले. उखळ पुन्हा जागेवर आलं. शेजारीण मोठ्याने ओरडून कोंबड्यांना बोलावू लागली, तेव्हा मला फार बरं वाटलं.

चार दिवसांनी कथा नीट उतरवून काढावी म्हणून मी फडताळ उघडलं. माझा सुतळीने बांधलेला गठ्ठा जागेवर नव्हता. एकवीस कागद. दुसरी प्रत नव्हती. फडताळ, माळा, फणसाखालचा रद्दीचा ढीग, चुलीजवळची टोपली, सगळं उपसलं. ह्यांना विचारलं तर म्हणाले, कुठे जातंय, सापडेल. सासूबाईंनीही शपथेवर सांगितलं की तुझ्या लिहिण्याला मी हात लावला नाही. मी आठवून आठवून पुन्हा लिहायला बसले, पण लिहून झालेली गोष्ट पुन्हा तशी येत नाही. दिवस मोजत होते आणि कागदावर शब्द फुटत नव्हता.

मग भाऊजींचं पत्र आलं. ह्यांनी ते कौतुकाने मोठ्याने वाचलं. पापड उत्कृष्ट झाले आहेत. डब्यातले कागद सहज वाचले, विहिरीच्या वाटणीचा दावा फारच रंगतदार आहे, त्यावर दिवाळीसाठी कथा बेतली आहे. पण कागद एकवीसच आहेत आणि दावा अर्धाच आहे. पुढचे असल्यास जरूर पाठवणे.

एकवीस. मी ह्यांच्या हातातून पत्र घेतलं आणि तो आकडा माझ्याच गठ्ठ्याचा आहे म्हणून सांगितलं.

सासूबाईंना आधी काही समजलं नाही. ह्यांनी समजावून सांगितलं तेव्हा त्यांनी हातातलं सूप खाली ठेवलं. त्यांना अक्षरओळख नव्हती. घाईत फडताळात हात घातला, पाठकोऱ्यांचा गठ्ठा समजून सुतळी सोडली आणि थर लावले. “एका अंगाला शाई हाय, दुसऱ्याबी अंगाला शाई हाय,” त्या म्हणाल्या. “मंग तुजं कुठलं न् वकिलाचं कुठलं, मला कसं कळावं गो?” त्यांच्यावर मी रागावू शकले नाही. त्यांचं खरंच होतं.

राग आला तो ह्यांच्या बोलण्याचा. हे म्हणाले, दादाला कार्ड टाकू, पावसाळ्यानंतर कुणी येणारं-जाणारं असेल त्याच्याबरोबर तो पाठवील. पावसाळ्यानंतर! ज्येष्ठ लागायला आठ दिवस होते, आणि पाऊस धरला की लाँच बंद. मी काही बोलायच्या आत सासूबाई म्हणाल्या, “कार्ड नको न् फार्ड नको. हिला जाऊ दे. आगोटीचं मी बघतंय.”

ह्यांनी विचारलं, एवढ्या चार कागदांसाठी?

“त्यातली ती तुकडे खानारी बाय मी हाय,” त्या म्हणाल्या. “मला डब्यात नाय ऱ्हायाचं.”

पहाटेच्या एस. टी. ने मी रेवसला गेले, तिथून लाँचने भाऊच्या धक्क्यावर, आणि पुढे ट्रामने भाऊजींच्या बिऱ्हाडी. जाऊबाईंनी दार उघडलं. आत स्वयंपाकघरात आमचेच पापड तळले जात होते. भाऊजी टेबलाशी बसले होते आणि माझे एकवीस कागद त्यांच्यासमोर, दाव्याची बाजू वर करून, पेपरवेटखाली नीट लावून ठेवलेले होते. तेलाचे डाग पडले होते, दोन कागदांच्या कडा कुरतडल्यासारख्या झाल्या होत्या. पण सगळे होते.

मी सांगितलं, मागच्या बाजूला माझी कथा आहे, ती न्यायला आले.

“मागे काही आहे होय?” ते म्हणाले. “मला वाटलं, बायकांची काही तरी यादी असेल.”

मग ते अडखळले. दावा त्यांना हवा होता, त्यावर कथा बेतली होती, संपादकाला शब्द दिला होता. त्यांनी तोडगाही काढला, आणि तो इतक्या सहजपणे काढला की मला क्षणभर तो योग्यच वाटला. मी इथेच बसून माझी कथा कोऱ्या कागदांवर उतरवून न्यावी. कागद ते देतील. मूळ कागद त्यांच्याकडे राहू देत.

मी पदर खोचला. घरात पदर खोचायची सवय होती, त्यांच्यासमोर पहिल्यांदाच खोचला.

“भाऊजी, दावा तुम्हाला हवा आहे, तर तो तुम्ही उतरवून घ्या,” मी म्हटलं. “मी बसते.”

आणि बसले. दाराजवळच्या खुर्चीत, हात मांडीवर ठेवून, बाजेवरच्या पापडांकडे बघावं तशी टेबलाकडे बघत. जाऊबाईंनी चहा आणला, मी घेतला. पापड आणले, ते घेतले नाहीत. भाऊजींना वाटलं असावं की मी कंटाळून उठेन. पण चैत्राच्या उन्हात पाच-पाच तास कावळे राखणाऱ्या बाईला पंख्याखाली बसायला काय होतं? थोड्या वेळाने त्यांनी पेन उघडलं आणि लिहायला लागले. महिन्याभराच्या शांततेत झालं नव्हतं एवढं लिखाण त्यांनी त्या दुपारी केलं.

एकेक कागद कोपऱ्याला धरून ते समोर घेत, उतरवत आणि डावीकडे ठेवत. मी बघत होते. पहिले काही कागद मला वाटत राहिलं, आता पालथा घालतील. निदान कुतूहल म्हणून. समोर सख्ख्या भावाची बायको खाडी ओलांडून ज्या मजकुरासाठी येऊन बसली आहे, तो आहे तरी काय म्हणून. त्यात त्यांचीच आई होती, आणि डब्याची वाट बघणारा तो मुलगाही. एकविसावा कागद त्यांनी डावीकडे ठेवला, गठ्ठा जुळवला, माझ्या हातात दिला. एकही कागद त्यांनी उलटून पाहिला नाही.

माझी कथा वेळेत पोचली आणि छापून आली. त्यांचीही त्यांच्या अंकात आली, विहिरीची. तिची खूप वाहवा झाली. पुढे अनेक वर्षं, लोकांत बसले असताना, घरात मीही ‘थोडंफार लिहिते’ हे ते सांगायचे. माझं काय वाचलंत असं त्यांना कुणी विचारलं नाही. मी विचारायला हवं होतं. नाही विचारलं, आणि त्याबद्दल मला त्यांच्यापेक्षा माझीच चीड जास्त येते.

त्या दिवशी मी मुंबईत ओळखीच्या घरी राहिले आणि दुसऱ्या दिवशी रेवसला उतरले. घरी पोचले तर सासूबाई सोड्यांना ऊन दाखवत होत्या. त्यांनी ‘मिळालं का’ एवढंच विचारलं. मी गठ्ठा पुढे केला. त्यांनी लुगड्याला हात पुसले, सोड्यांचा वास जाईना म्हणून पुन्हा धुऊन आल्या, आणि पायरीवर बसून एकेक कागद घेऊन आधी एका बाजूने आणि मग दुसऱ्या बाजूने पाहिला. एकवीसच्या एकवीस. मग म्हणाल्या, वाच.

पुढे त्या असेपर्यंत आमच्या घरात कुठलाही कागद चुलीत किंवा डब्यात गेला, तर त्याआधी त्या तो दोन्हीकडून बघायच्या आणि माझ्यापुढे धरून विचारायच्या, “ह्याच्यात कोन हाय गो?”